ज्या प्रश्नाला उत्तर नव्हते
(चरित्रलेखकांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



संमेलनाच्या अध्यक्षाने आधी स्वतःच्या अपात्रतेचा पाढा वाचायचा, असा आपल्याकडे रिवाज आहे. तो मी वाचला आणि आपण नम्रपणे त्याचा इन्कार केला, असे धरून चालू. म्हणजे वेळ वाचेल आणि जेवणाची घंटा होण्याआधी मुद्द्यावर येता येईल.

मुद्दा आपल्या चरित्रनायकांचा आहे. मराठीत चरित्रांची वाण नाही. शताब्दी आली की चरित्र निघते, जयंती आली की दुसरी आवृत्ती निघते. पण ही चरित्रे वाचताना एक गोष्ट खटकत राहते. आपल्या नायकाला सगळ्या प्रश्नांची उत्तरे येतात. त्याचे विरोधक असतात, पण ते एक तर खलपुरुष असतात किंवा शेवटच्या प्रकरणात त्यांचे मतपरिवर्तन होते. ज्या प्रश्नापुढे नायकाची मान खाली गेली, असा एकही प्रश्न चारशे पानांत सापडत नाही. माझे आज एवढेच सांगणे आहे की असा प्रश्न शोधून काढल्याशिवाय आणि तो छापल्याशिवाय चरित्र पुरे होत नाही.

हे नुसते तत्त्व म्हणून सांगितले तर आपण माना डोलवाल आणि विसरून जाल. म्हणून एका माणसाच्या आयुष्याच्या आधाराने बोलतो. तो मराठी नव्हता. जन्माने तमिळ, कर्मभूमी तेलुगू, धर्माने ख्रिस्ती आणि पदाने अँग्लिकन चर्चचा बिशप. आपल्यापैकी कोणाचाच भावनिक हिशेब त्याच्याशी अडकलेला नसल्याने त्याच्याविषयी थंड डोक्याने बोलता येईल. त्याचे नाव वेदनायकम सॅम्युएल अझरिया.

अझरियांचा जन्म 17 ऑगस्ट 1874 रोजी तिरुनेलवेली भागातल्या वेल्लालनविळै नावाच्या खेड्यात झाला. वडील थॉमस वेदनायकम हे गावातल्या मंडळीचे पाळक. घराणे नाडार जातीचे. ताडी काढणारी ही जात त्या काळी उच्चवर्णीयांच्या लेखी फार खालची होती. शेजारच्या त्रावणकोरात नाडार स्त्रियांनी अंगावर वरचे वस्त्र घ्यावे की नाही, यावरून एकोणिसाव्या शतकात दंगली झाल्या होत्या, हे आपण वाचले असेल. ख्रिस्ती झाल्याने या समाजात शिक्षण आले, मान आला. पण जात मात्र चर्चच्या दाराबाहेर चपला काढाव्यात तशी निघाली नाही. कोण कुठे बसणार, कोणाची मुलगी कोणाकडे जाणार, हे चर्चमध्येही जातच ठरवत होती. अझरिया हे बघत वाढले.

मद्रास ख्रिश्चन कॉलेजात त्यांनी गणित घेतले, पण ऐन परीक्षेच्या वेळी आजारी पडले आणि पदवी राहिली ती राहिलीच. नंतर ते ख्रिस्ती तरुणांच्या वाय.एम.सी.ए. संघटनेचे सेक्रेटरी झाले आणि 1895 ते 1909 या काळात दक्षिण हिंदुस्थानभर फिरले. शेरवूड एडी नावाचा अमेरिकन तरुण त्याच कामात त्यांचा सोबती होता. दोघे बरोबर प्रवास करत, बरोबर जेवत, एकमेकांच्या चुका तोंडावर सांगत. गोऱ्या आणि काळ्या माणसाची खरी मैत्री होऊ शकते, हे अझरियांनी पुस्तकात वाचले नव्हते, अनुभवले होते. म्हणूनच इतरत्र ती का होत नाही, हा प्रश्न त्यांना टोचत राहिला.

1902 साली ते सिलोनमध्ये जाफन्याला गेले. तिथले तमिळ ख्रिस्ती स्वतःच्या पैशाने परमुलखात धर्मकार्य करतात, हे पाहून ते चकित झाले. आपले तिरुनेलवेलीचे लोक संख्येने कितीतरी जास्त, पण सगळे परदेशी मिशनच्या पैशावर विसंबलेले. परत आल्यावर 1903 मध्ये त्यांनी तिरुनेलवेलीची इंडियन मिशनरी सोसायटी उभी केली. पुढे 25 डिसेंबर 1905 रोजी बंगालमधल्या सेरामपूर येथे नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली, तिच्याही संस्थापकांत ते होते. माणसे देशी, पैसा देशी, कारभार देशी, हे तिचे सूत्र. साल लक्षात घ्या. बंगालमध्ये फाळणीविरुद्ध विदेशी कापडाच्या होळ्या पेटत होत्या, आणि त्याच बंगालात काही ख्रिस्ती तरुण धर्मातला स्वदेशीपणा मांडत होते. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा जीवही याच गोष्टीसाठी तळमळत होता. त्यांनी 1917 साली अमेरिकन मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, तो याच तळमळीतून.

सोसायटी स्थापन करून थांबावे, हा आपल्या पुढाऱ्यांचा शिरस्ता अझरियांनी पाळला नाही. तिरुनेलवेलीच्या सोसायटीने कामासाठी निजामाच्या राज्यातला डोर्नाकल हा तेलुगू मुलूख निवडला होता. दुसऱ्यांना तिकडे जा म्हणायचे आणि आपण मद्रासेत राहायचे, हे त्यांना पटेना. 1909 मध्ये वाय.एम.सी.ए.तली प्रतिष्ठेची नोकरी सोडून त्यांनी धर्मदीक्षा घेतली आणि बायकोमुलांसह ते डोर्नाकलला गेले. सुरुवातीचे घर म्हणजे तंबू. भाषा परकी, हवा परकी, नात्यागोत्याचे कोणी नाही. पस्तिशीतल्या या गृहस्थाने तिथे बसून तेलुगू गिरवायला घेतली. पत्नी अन्बू या शिकलेल्या बाई. गावोगावच्या बायकांमधले काम पुढे त्यांनीच उभे केले. आपल्या चरित्रांत पत्नीला अर्पणपत्रिकेत एक ओळ मिळते, इथे तेवढ्याने भागत नाही.

आता पहिला प्रश्न. तो अझरियांनी दुसऱ्यांना विचारला.

1910 च्या जूनमध्ये एडिंबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. बाराशेच्या आसपास प्रतिनिधी, त्यांत आशियातले विसाच्याही आत. अध्यक्षस्थानी अमेरिकेचे जॉन मॉट. अझरियांना बोलायला विषय दिला होता परदेशी आणि देशी कार्यकर्त्यांमधल्या सहकार्याचा. असा विषय दिला की काय बोलायचे असते, हे आपल्याला संमेलनांच्या अनुभवावरून ठाऊक आहे. आभार मानायचे, कौतुक करायचे, थोडी अपेक्षा व्यक्त करायची आणि खाली बसायचे. अझरियांनी आभार मानले, मिशनऱ्यांच्या त्यागाचे गुण गायले, आणि मग सांगितले की वर्षानुवर्षे एकाच गावात काम करणारे गोरे मिशनरी आणि देशी पाळक एकमेकांच्या घरी जात नाहीत, एका पंगतीला बसत नाहीत. एक पगार देतो, दुसरा घेतो. एक मालक आहे, दुसरा नोकर. तुम्ही आम्हाला सगळे दिले, आता मैत्री द्या, असे ते शेवटी म्हणाले. 

सभागृहात बसलेल्यांपैकी अनेक जण हिंदुस्थानात काम करणारे होते. काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींचे चेहरे उतरले, काही चिडले. पण खोटे बोलतोस असे त्यांना म्हणता आले नाही. त्या परिषदेतले ठराव आज अभ्यासकांपलीकडे कोणाला आठवत नाहीत. या पाहुण्याचे भाषण मात्र अजून उद्धृत केले जाते.

या माणसाला मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांनी हेरले होते. तत्त्वज्ञ आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांचे हे थोरले बंधू. अझरियांना बिशप करावे, असा त्यांनी आग्रह धरला, तेव्हा विरोध दोन्हीकडून झाला. एका हिंदी माणसाच्या हाताखाली गोऱ्या पाळकांनी काम कसे करायचे, हा एक आक्षेप. आणि तिरुनेलवेलीतूनच, नाडार बिशप नको, हा दुसरा. वर्ण आणि जात एकमेकींना पाठिंबा द्यायला कशा धावून येतात, याचा इतका सुबक नमुना क्वचित मिळतो. अखेर 29 डिसेंबर 1912 रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथिड्रलमध्ये अझरियांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. अँग्लिकन चर्चचे ते पहिले हिंदी बिशप. त्यांना दिलेला डोर्नाकलचा धर्मप्रांत तेव्हा लहान होता, गोऱ्यांची अडचण होऊ नये अशा बेताने आखलेला. पुढे कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यातली मोठी मिशन क्षेत्रेही त्यात आली आणि इंग्रज पाळक त्यांच्या हाताखाली कामाला लागले. तरीही ते 1945 मध्ये वारले तोवर एकाही दुसऱ्या हिंदी माणसाला अँग्लिकन धर्मप्रांताचे प्रमुखपद मिळाले नव्हते. बत्तीस वर्षे पहिले तेच आणि एकमेव तेच! पहिला माणूस नेमल्याचे श्रेय घ्यायचे आणि दुसरा नेमायचाच नाही, ही युक्ती केवळ चर्चला सुचते असे नाही.

बिशप म्हणून त्यांचे दिवस खेड्यांत गेले. बैलगाडीने, पायी, पुढे मोटारीने. डोर्नाकलमध्ये बाप्तिस्मा घेणारे बहुतेक माला आणि मादिगा जातींतले, म्हणजे गावकुसाबाहेरचे शेतमजूर आणि चामड्याचे काम करणारे. बिशप गावात आले की लोकांना जमवून विचारत, तुमच्या गावात भुते किती? मग बोटांवर मोजून घेत: घाण, रोगराई, कर्ज आणि दारू. ही चार भुते उतरल्याशिवाय प्रार्थनेचा उपयोग नाही, असे त्यांचे साधे सांगणे असे. बाप्तिस्मा घेतलेल्यांना ते स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावत आणि शुभवर्तमान दुसऱ्याला सांगण्याची जबाबदारी आता माझी, असे मोठ्याने वदवून घेत. ज्या माणसाची सावलीही गावाला चालत नव्हती, त्याने स्वतःच्याच मस्तकावर हात ठेवून आपण कोणाला तरी काही देणे लागतो असे म्हणायचे! त्या एका कृतीत बिशपांचे सगळे शास्त्र होते. घेणाऱ्याने देणारा व्हायचे. गरीब आहेत म्हणून त्यांच्याकडून काही मागू नका, हा दयाळूपणा त्यांना अपमानासारखा वाटे. स्वयंपाकाला बसण्याआधी मूठभर धान्य बाजूला काढणाऱ्या बायकांच्या बळावर मंडळ्या पोसल्या पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. दानधर्मावर त्यांनी ‘ख्रिश्चन गिव्हिंग’ नावाचे पुस्तकही लिहिले.

1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांच्या धर्मप्रांतात सुमारे अडीचशे हिंदी पाळक आणि दोन हजारांवर खेड्यांतले शिक्षक होते. दवाखाने, सहकारी पतसंस्था, छापखाना होता. डोर्नाकलचे कॅथिड्रल वर्षानुवर्षे पैशाअभावी रखडत बांधले गेले आणि 6 जानेवारी 1939 रोजी त्याचे समर्पण झाले. त्याला मशिदीसारखे घुमट आहेत, देवळासारखे कोरीव खांब आहेत, खांबांवर कमळे आहेत. इंग्लंडच्या गॉथिक मनोऱ्यांची नक्कल बिशपांना नको होती.

इथपर्यंतचे चरित्र आपल्यापैकी कोणीही लिहील आणि चांगले लिहील. अवघड भाग इथून पुढे सुरू होतो.

दुसरा प्रश्न गांधीजींचा. त्याआधी हे सांगितले पाहिजे की 1932 च्या जातीय निवाड्यात हिंदी ख्रिस्ती लोकांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले, तेव्हा अझरियांनी त्याला विरोध केला होता. त्यांचे म्हणणे असे की चर्च ही धर्ममंडळी आहे, तिचा राजकीय पक्ष केलात तर प्रत्येक बाप्तिस्मा मतांची बेरीज समजला जाईल. त्याच निवाड्यातल्या अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधीजींनी येरवड्यात उपोषण केले. म्हणजे दोघांची कारणे वेगळी, पण निवाडा दोघांनाही नको होता. तरीही दोघांचे जुळले नाही. हरिजनांना घाऊक ख्रिस्ती करण्याचे हे कसले कार्य, सेवा करायची तर धर्म बदलण्याचा हेतू मनात कशाला, हा गांधीजींचा सवाल होता आणि डोर्नाकलच्या बिशपांनी केलेल्या दाव्यांवर त्यांनी ‘हरिजन’ पत्रातून कडक टीका केली.

या प्रश्नाला अझरियांकडे उत्तर होते. ते म्हणत, ही माणसे कोणी पकडून आणलेली नाहीत. माला माणूस मादिगाला सांगतो, सासर माहेराला सांगते, असा हा धर्म पसरला. आपले भले कशात आहे, हे कळण्याइतकी अक्कल गावकुसाबाहेरच्या माणसाला आहे, एवढे तरी माना. या वादातला एक धागा आपल्या वर्ध्यापर्यंत येतो. 1936 च्या नोव्हेंबरात जॉन मॉट सेगावला गांधीजींना भेटले. तेव्हा काही हरिजनांच्या समजशक्तीची तुलना गांधीजींनी गायीशी केली आणि ती ‘हरिजन’मध्ये छापून आली. जगजीवन राम यांच्यासारखे त्यांचे अनुयायीसुद्धा तिने दुखावले. चरित्रकाराने इथे गांधीजींना झोडपायचे नाही आणि अझरियांना विजयीही ठरवायचे नाही. कारण गांधीजींच्या शंकेत तथ्य होते. सत्ता गोऱ्यांची, मिशनचा पैसा गोऱ्यांचा, आणि बाप्तिस्म्यांचे आकडे परदेशी वर्गणीदारांना पाठवायच्या अहवालांत झळकत. दोन्ही माणसे आपापल्या परीने बरोबर असलेला वाद लिहायला फार सराव लागतो. तो आपण करत नाही.

तिसरा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली आणि देशातल्या सगळ्या धर्मांचे पुढारी त्यांच्याभोवती गोळा होऊ लागले. अझरियांशीही त्यांचे बोलणे झाले. आपले लोक ख्रिस्ती झाले तर कोणत्या पंथाचे ख्रिस्ती होणार, असा त्यांचा रोख होता. एका गावात अँग्लिकन, दुसऱ्या गावात मेथॉडिस्ट, तिसऱ्यात बॅप्टिस्ट, प्रत्येक मिशनचा मुलूख वाटून घेतलेला. आज माझे लोक निदान अस्पृश्य म्हणून एक आहेत, तुमच्याकडे आले तर त्यांचे तुकडे होतील. तुमच्यात एकी कुठे आहे?

एडिंबरोत जगाला निरुत्तर करणारे अझरिया इथे निरुत्तर झाले. शरमेने मान खाली घालण्यापलीकडे आपल्याकडे काही नव्हते, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले. हे आपल्याला कळते, ते त्यांनी लपवले नाही म्हणून.

बाबासाहेबांनी चर्चमधल्या जातिभेदावरही टीका केली आहे, आणि डोर्नाकल त्याला अपवाद नव्हते. माला पुढे आले, पाळक आणि शिक्षक झाले, मादिगा मागे राहिले. त्यांच्यातल्या कुरबुरी बिशपांच्या दाराशी आल्या आणि त्या त्यांना मिटवता आल्या नाहीत. बिशपांचा कारभार करडा होता. शिस्तीपुढे ते कोणाचे फारसे ऐकत नसत. नाडार म्हणून स्वतः सोसलेला माणूस बिशपाच्या खुर्चीवरून दुसऱ्याचे सोसणे कधीकधी पाहू शकला नाही. हेही चरित्रातच आले पाहिजे, तळटीपेत नव्हे.

पण निरुत्तर झालेल्या माणसाने नंतर काय केले, हे बघण्यासारखे आहे. चर्चच्या एकीचे काम त्यांनी फार आधी हाती घेतले होते. 1919 मध्ये तरंगमबाडीला जी परिषद भरली, तिचे ते एक मुख्य प्रवर्तक. तिच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या तेहतीस जणांपैकी दोघे सोडून सारे हिंदी होते. पाश्चात्त्यांच्या जुन्या भांडणांची फाटाफूट आम्ही का वागवावी, हा त्याचा आशय. आंबेडकरांच्या प्रश्नानंतर या कामाला वेगळीच धार आली. एकीचा प्रश्न आता धर्मपंडितांच्या चर्चेचा राहिला नव्हता, गावकुसाबाहेरच्या माणसाने मागितलेला तो हिशेब होता. मुंबईचे बिशप एडविन पामर हेही या एकीच्या मसुद्यासाठी झटणाऱ्यांत होते. नॅशनल ख्रिश्चन कौन्सिलचे अध्यक्ष म्हणून अझरियांचा आपल्या नागपूरशीही संबंध आला. 1 जानेवारी 1945 रोजी डोर्नाकललाच त्यांचे निधन झाले. 27 सप्टेंबर 1947 रोजी मद्रासला चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले, तेव्हा अझरिया ते बघायला नव्हते. बाबासाहेब आणि त्यांचे लाखो अनुयायी 1956 मध्ये नागपुरात बौद्ध झाले. म्हणजे प्रश्नाचे उत्तर तयार झाले, पण विचारणाऱ्यापर्यंत ते पोचले नाही. चरित्राचा शेवट गोड करण्याचा मोह इथे आवरायचा असतो.

मंडळी, आपल्याकडे अशी सामग्री नाही, ही सबब चालणार नाही. पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार घ्या. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी अँग्लिकन चर्चचा बाप्तिस्मा घेतला आणि लगोलग त्या चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांचे खटके उडू लागले. या बाईने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे का, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनीही नापसंती कळवली होती. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांनी रमाबाईंची उत्तरे जपलीच, पण रमाबाईंना अडवणारी पत्रेही जपली. म्हणूनच ए. बी. शहा यांनी संपादित केलेला तो पत्रसंग्रह वाचताना माणूस जिवंत वाटतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो 1977 साली प्रसिद्ध केला. म्हणजे आपल्या सरकारी मंडळाला हे जमले आहे. आपल्याला का जमू नये?

म्हणून अध्यक्ष या नात्याने तीन गोष्टी सुचवतो. पहिली, आपण हाती घेतलेल्या प्रत्येक चरित्राच्या हस्तलिखितात, नायकाला ज्याचे उत्तर देता आले नाही अशा प्रश्नाचे एक प्रकरण असावे, आणि प्रकाशकांनी ते नसेल तर हस्तलिखित परत करावे. दुसरी, नायकाच्या घरच्या कपाटाआधी त्याच्या विरोधकाच्या घरचे कपाट उघडावे. तिसरी, मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या बाप्तिस्मा-नोंदवह्या, पाळकांची दप्तरे, ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचे 1842 पासूनचे अंक या साधनांकडे केवळ ख्रिस्ती अभ्यासकांचा विषय म्हणून बघणे सोडावे. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत महाराष्ट्रातल्या गावकुसाबाहेरच्या माणसाने काय विचारले, याची नोंद त्यांत आहे, आणि वाळवी आपली वाट बघत नाही.

चरित्रनायकाचा मोठेपणा कमी होईल, अशी भीती काहींना वाटेल. कुटुंबीय नाराज होतील, समाज रस्त्यावर येईल, शताब्दी समिती अनुदान थांबवेल. हे सगळे होऊ शकते आणि होतेही. पण अझरियांकडे बघा. एडिंबरोच्या भाषणाने ते प्रसिद्ध झाले. आंबेडकरांपुढे गप्प बसले आणि ते स्वतःच्या तोंडाने सांगितले, यामुळे ते विश्वासार्ह झाले. आपल्या नायकांना आपण पहिलाच मान देत आलो आहोत. दुसऱ्यालाही ते पात्र असतील, एवढा भरवसा त्यांच्यावर ठेवू या आणि तसे लिहू या.

चर्चासत्रात माझ्या या म्हणण्यावर ज्यांना कडक प्रश्न विचारायचे आहेत, त्यांनी ते जरूर विचारावेत. मी शेवटपर्यंत इथेच आहे.